शेवंतामावशीचा व्हिसा

आमच्या गावातून बस पकडायची म्हणजे आधी शेवंतामावशीच्या तावडीतून सुटावं लागे. आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरला जाणारी बस तिच्या ओट्यासमोरच थांबायची आणि ओट्यावर मावशी तूर पाखडत, लसूण सोलत, नाहीतर नुसतीच बसलेली असायची. "कुठं चालला? काऊन चालला? कवा येशीन?" तिन्ही प्रश्न एका दमात. उत्तर दिल्याशिवाय बसच्या पायरीवर पाय ठेवायची कोणाची छाती नव्हती. घाईत कोणी न बोलता चढलाच, तर मावशी ड्रायव्हरला हात करून बस थांबवायची, आणि तोही बिचारा थांबायचा. त्यालाही रोज त्याच रस्त्यानं जायचं होतं ना!

मी याच गावच्या मराठी शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू व्हायला बसमधून उतरले, तेव्हा मला हेच प्रश्न उलटे पडले. "कुठून आल्या? काऊन आल्या? कवा जाशान?" उन्हानं डोकं तापलेलं, त्यात मी जन्माची फटकळ. म्हटलं, "अहो, अजून पेटी खाली ठेवली नाही, तोच घालवता का मला?" मावशी खो खो हसली. "नाई वं बाई. इथं मास्तरीन टिकत नाई, म्हनून इचारतो. या घरात." आमच्याकडे बायका 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. बाहेरच्यांना ते ऐकून हसू येतं, मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

आम्ही बौद्ध. माझे आजोबा अशाच एका गावात पाटलाच्या शेतावर राबले होते, त्यामुळे कोणाच्या घरात कुठपर्यंत जायचं हे मला लहानपणापासून न सांगता कळे. मी ओसरीतच थांबले. मावशीनं माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं. जे कळायचं ते तिला कळलं, आणि तिनं थेट चुलीजवळ पाट मांडला. शेजारची कोणी कुजबुजली, तर हिचा आवाज पार बसथांब्यापर्यंत गेला असेल, "माह्या घरात कोन बसावं हे माही चूल ठरवीन का तुही?" त्या दिवसापासून महिनाभरात 'तुमी'चं 'तू' झालं आणि मी तिची झाले.

मावशीचा नवरा तरणाताठा असतानाच गेला होता. कापूस आणि ज्वारीची शेती तिनं एकटीनं ओढली. मराठी, तेलुगू आणि हिंदी या तिन्ही भाषा ती सारख्याच खणखणीत आवाजात बोलायची आणि तिन्हींत सारख्याच चुका करायची. खोटं मात्र एकाही भाषेत यायचं नाही. एकदा कापूस न्यायला व्यापारी आला. तो बैलगाडीला हात लावायच्या आधीच ही म्हणते, "सेठ, नीचे का गीला है, पहलेच बोलती." त्यानं भाव पाडला. मी चिडून म्हटलं, "मावशी, जरा गप्प बसल्या असत्या तर काही बिघडलं असतं का?" तर म्हणे, "मंग मले झोप आली नसती. माह्या बदल्यात तू झोपनार होती का?" या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

तिला एकच लेक, वंदना. निर्मल शहरात कॉलेजात शिकली, हैदराबादला दिली, आणि पुढे जावयाला जर्मनीत एका कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून तिकडे गेली. हैदराबादला असताना तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. जर्मनीत तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा डॉक्टरांनी खाटेवरून उठायचं नाही असं सांगितलं. सासू हयात नाही, जावयाला रजा नाही. किराणा दुकानातल्या फोनवर ती मावशीला एवढंच म्हणाली, "माय, तू ये. मले लय भेव वाटून राह्यलं."

मावशी तशीच शाळेत आली. माझा दुसरीचा वर्ग चालू होता. दारातूनच विचारते, "बाई, जर्मनीले जाले काय काय लागते?"

काय काय लागतं! मलाही कुठे माहीत होतं? मी आदिलाबादला जाऊन विचारलं, हैदराबादच्या एका प्रवासी एजंटाला फोन केले, आणि कागद गोळा करायला लागले. पासपोर्ट हवा, परतीच्या तिकिटाचं आरक्षण हवं, आजारपणाचा विमा हवा, ठरावीक मापाचा फोटो हवा. फोटोसाठी निर्मलला गेलो. फोटोवाला म्हणाला, पदर मागे घ्या, कपाळ पूर्ण दिसलं पाहिजे. मावशी म्हणाली, "घेतो. पन त्याले म्हनावं तिकडं तोंड करून काढ." शेवटी फोटोवाल्यानं आपल्या बायकोला कॅमेऱ्यामागे उभं केलं, तेव्हा कुठे काम झालं.

आणखी एक गोष्ट हवी होती. ही बाई तिकडेच राहणार नाही, परत येईल, याचा पुरावा. त्यासाठी जमिनीचं पासबुक आणि पहाणीची, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याची, नक्कल काढायला मंडलाच्या तहसील कचेरीत गेलो. तिथला कारकून हसायला लागला. "अम्मा, त्या गोऱ्या लोकांना तुमच्या कापसाच्या वावराचं काय करायचं आहे?" मावशीला राग आला, पण त्याचा. "काय चुकलं त्याईचं? त्याईच्या गावात जाऊन राह्यलो तं ते इचारनारच ना, कवा जाशीन म्हनून! मी तं बसवाल्याले रोज इचारतो." व्हिसाच्या नियमांची एवढी इज्जत करणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

गाडी अडली ती शेवटच्या कागदावर. जर्मनीहून वंदनानं हमीपत्र पाठवलं होतं. आईच्या राहण्याखाण्याचा सगळा खर्च आम्ही करू, असं त्यात तिकडच्या सरकारसमोर लिहून दिलं होतं. त्याशिवाय व्हिसा मिळतच नाही. मी मजकूर मराठीत समजावून सांगितला. मावशीनं सोलत असलेला लसूण खाली ठेवला.

"खानं तिचं?"

"हो, नियमच आहे तसा."

"लेकीले लेकरू होईलोक मी तिच्या घरचं पानीबी पेत नाई, बाई. तुले माहीत हाय."

माहीत होतं. आमच्या भागातल्या जुन्या लोकांत ही रीत आहेच, पण मावशीइतकी कडक पाळताना मी कोणाला पाहिलं नाही. वंदनाचं पहिलं बाळ गेलं, तेव्हा ती हैदराबादला जाऊन लेकीच्या उशाशी बसली होती, तीसुद्धा घरून नेलेल्या भाकरी खात आणि घरून नेलेलं पाणी पीत. मी म्हटलं, "मावशी, माझ्या हातचं चालतं तुम्हाला, अन् पोटच्या पोरीचं चालत नाही? हे कुठलं शास्त्र?"

"शास्तर नाई," ती म्हणाली. "माहा बाप माह्या सासरी कवाच पानी नाई पेला. म्हनून माह्या सासऱ्यानं हात उचलला तवा तो वसरीत उभा राहून बोलू शकला. त्याईचं खाल्लं असतं तं कोन्या तोंडानं बोलला असता?"

मला वाटलं, तिथे गेल्यावर तिचं ती बघेल. आत्ता फक्त विचारतील तेव्हा 'लेक करेल' म्हणायचं, एवढं मी तिला पढवलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मुलाखतीला चेन्नईला जावं लागलं. काचेच्या खिडकीपलीकडे एक जर्मन बाई आणि शेजारी हिंदी दुभाष्या. मावशीचं वय पाहून मला मागे उभं राहू दिलं. कशाला जाता, किती दिवस राहाल, परत आल्यावर काय करणार, सगळी उत्तरं मावशीनं अशी दिली की ती जर्मन बाई चक्क हसली. मग तिनं विचारलं, तिथला तुमचा खर्च कोण करणार?

"मेरा मैंच करती," मावशी म्हणाली. "ज्वारी का आटा लेके जाती, दाल लेके जाती. बच्चा हुए तक बेटी के घर का पानी नै पीती."

दुभाष्या भला माणूस होता. त्यानं मुद्दाम पुन्हा विचारलं, "अम्मा, बेटी करेगी ना? कागज में लिखा है." मी मागून पदर ओढला. मावशीनं माझ्या हातावर फटका मारला. "बेटी देती बोली, सच है. लेकिन मैं नै लेती ना! नै खाती तो कैसा बोलूं खाती करके?"

व्हिसा नाकारला. कागद एक सांगतो आणि माणूस दुसरंच, आणि स्वतःचा खर्च करायची ऐपत असल्याचा पुरावा नाही. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत माझा पारा चढला. "एक वाक्य होतं, मावशी! एक! पोरगी तिकडे एकटी जीव मुठीत धरून पडली आहे, आणि तुम्ही पिठाचं काय घेऊन बसलात?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. मावशीनं मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "खोटं बोलून जातो, अन् मंग रोज पोरीच्या समोर आपलं पीठ उघडून बसतो. हे बरं दिसीन का?" मी रडकुंडीला आले होते. वरंगल मागे पडल्यावर ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बाई, कागद पुन्यांदा देता येते का?"

"येतो. पण उत्तर तेच द्याल ना तुम्ही?"

"दे तू कागद," ती म्हणाली.

पुन्हा सगळं केलं, पुन्हा चेन्नई गाठली. खिडकीत तीच जर्मन बाई, तोच दुभाष्या, तोच प्रश्न. मावशी म्हणाली, "बेटी करती."

दुभाष्यानं आधीचा कागद बघितला. "अम्मा, पहले तो नहीं बोले थे?"

"पहले नै खाती थी. अब खातूं. सोच के आई मैं." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या बाईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग लिहायला घेतलं. काही दिवसांनी शिक्का मारलेला पासपोर्ट घरी आला. मी म्हटलं, "आलात ना शेवटी लायनीवर! बोललात ना एकदाचं खोटं!" मावशी नुसतं "हं" म्हणाली आणि बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, ओवा बांधायला लागली. पिठाची पिशवी मला सामानात दिसली नाही. विमानात वजन चालत नाही म्हणून राहिली असेल, असं मी धरून चालले.

मावशी जर्मनीला गेली, वंदनाला सुखरूप मुलगी झाली, आणि सांगितल्याप्रमाणे कापूस वेचणीला मावशी परतही आली. तिकडच्या बसगाड्या किती मुकाट्यानं धावतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही, हे ती सगळ्यांना मोठ्या दुःखानं सांगायची. बाकी काही बोलली नाही.

काही वर्षांनी मावशी गेली. एका दुपारी जेवली, पडली, ती उठलीच नाही. वंदना लेकीला घेऊन आली. दिवस झाल्यावर सगळे पांगले आणि आम्ही दोघीच तिच्या स्वयंपाकघरात भांडी लावत बसलो. मी तिला चेन्नईची गंमत सांगितली, "तुझी माय आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही तुझ्यासाठी."

वंदनानं हातातला तांब्या खाली ठेवला. "कोन म्हनते खोटं बोलली?"

मग तिनं सांगितलं. मावशी उतरायची त्या दिवशी वंदना डॉक्टरांशी भांडून विमानतळावर गेली होती. जावयानं मुद्दाम एका मित्राच्या घरून पाण्याची बाटली भरून नेली होती. पुढे करून म्हणाला, "मामी, हे आमच्या घरचं नाही, घ्या." मावशीनं बाटली बाजूला सारली आणि घर किती दूर आहे ते विचारलं. तासाभराचा रस्ता होता. ती तशीच कोरड्या घशानं गाडीत बसली. घरी आल्यावर चप्पल काढायच्याही आधी म्हणाली, "वंदे, पानी दे."

"मले वाटलं माह्या ऐकन्यात चूक झाली," वंदना म्हणाली. "मी म्हटलं, माय, अजून लेकरू झालं नाई. तं म्हनते, होवो का न होवो, तू माही लेक हायेस. दे पानी."

वंदना रडत होती, आणि मीही. थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "बाई, पयलं लेकरू गेलं तवा ती माह्या उशाशी बसून घरचं पानी पेत होती ना, तवापासून मले वाटे, लेकरू झाल्याबिगर मी मायले पानी पाजाच्याबी लायक नाई. त्या दिवशी ती माह्या हातानं दोन गिलास पेली. त्या रात्री मले पयल्यांदा भेव वाटलं नाई."