तिघांच्या भुवईवर जांभळा ठिपका

कुटुंबाचं धैर्य एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातं. शिरूरच्या नेत्रशिबिरात ते माझ्यासमोर एका बाकावर ओळीने बसलं होतं आणि त्यातल्या कोणाचा डोळा कापायचा हे मला कळत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी दौंडहून ऑपरेशनं करायला आलो होतो. थिएटर म्हणजे शाळेचा एक वर्ग. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या भुवईवर कंपाउंडर जांभळ्या औषधाचा ठिपका लावी. बाकावर ऐंशीच्या काशीबाई, त्यांचा साठीचा मुलगा रामभाऊ आणि सून गिरजाबाई. तिघांच्याही उजव्या भुवईवर ठिपका.

"पेशंट कोण?"

"मी," तिघंही म्हणाले.

कंपाउंडर पुटपुटला, "सर, मी आजींनाच लावला. बाटली तेवढी इथं बाकावर राहिली."

"आईला आधी न्हाई घ्यायचं," रामभाऊ म्हणाले. "आमच्यात नवं काय बी आधी धाकट्यानं करून बघायचं. देवीची लस आली तवाबी मीच हात पुढं केला."

"मग धाकटी मी हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "ह्यांना काय झालं तर?"

"गप बसा दोघं," काशीबाई कडाडल्या. "माझं जगून झालंय. मला घ्या."

टॉर्चने तिघांचे डोळे पाहिले. सुनेचा साफ. रामभाऊंचा मोतीबिंदू कोवळा. त्या काळी तो पिकल्याशिवाय काढत नसू. आजींचा इतका पिकलेला, की थांबलो असतो तर आत दाब वाढून डोळा कायमचा गेला असता. आणि ऑपरेशनचा तो शेवटचा दिवस.

हे सगळं समजावलं. रामभाऊ दारातच आडवे उभे राहिले. "आधी मी."

शेवटी त्यांना टेबलावर झोपवलं, नुसत्या बोरिकच्या पाण्याने डोळा धुतला, पट्टी बांधली.

"झालं?"

"झालं."

ते बाहेर जाऊन म्हणाले, "आई, मुंगी चावल्यावानीबी न्हाई. जा."

"माझ्याआधी घुसलासच मेल्या!" म्हणत आजी टेबलावर चढल्या.

हे धैर्य की हट्ट, ते मला आजही ठरवता येत नाही. बाटली मात्र तेव्हापासून मी खिशात ठेवू लागलो.

पट्टी सुटून जाड भिंगांचा चष्मा चढल्यावर आजींनी सुनेकडे निरखून पाहिलं. "आगं, म्हातारी झालीस की तू!"

समारोपाला पाहुण्यांनी यशस्वी पेशंट मंचावर मागवला. आजींना पायऱ्या चढवेनात, म्हणून रामभाऊ गेले. "पयल्यापेक्षा लख्ख दिसतंय," त्यांनी माइकवर सांगितलं. टाळ्या झाल्या, हार पडला, फोटो निघाला.

त्यांचा मोतीबिंदू जागेवरच होता.