मोरिया उंटाची सुट्टी

हरकू मेघवाळ मुकादम झाली ती नवऱ्याचा पाय मोडला म्हणून. सरहद्दीवरचं तारेचं कुंपण त्या वर्षी खारियाच्या वाळूच्या टेकाडापलीकडे येऊन पोचलं होतं, आणि तिथवर ट्रक जावेत म्हणून टेकाडावरून रस्ता काढायचा होता. तिचा नवरा दमाराम, टोळीचा मुकादम, खडीच्या गाडीवरून पडला आणि खाटेला खिळला. त्याच्या जागी हरकू उभी राहिली तेव्हा ठेकेदाराचा मुनीम लूणकरण नाक मुरडून म्हणाला, "ठीक आहे, बघू. तारेचा पहिला ट्रक टेकाड ओलांडून गेला तर मुकादमी हिची. अडकला तर मी बाहेरची टोळी आणतो, तुम्ही सगळे घरी बसा."

टोळीला हरकू चालत होती. बायका तर खूशच होत्या. अडचण एकच होती, आणि ती फावड्यावर रेलून बिडी ओढत उभी होती: तिचा सासरा रूगाराम. सून सासऱ्याशी बोलत नाही, घुंगटाआडूनसुद्धा नाही. मग म्हाताऱ्याला कामाला लावायचं कसं?

हरकूनं पाणी वाहणाऱ्या उंटाला मधे घातलं. "मोरिया," ती उंटाला म्हणायची, "वळणावर मुरूम कमी पडलाय. कुणी टाकला तर बरं होईल." मोरिया रवंथ करत राही. रूगाराम दोन झुरके मारून उठे आणि उंटालाच उत्तर देई, "सांग तिला, टाकतो. आणि हेही सांग, तिच्या नवऱ्याला फावडं धरायला मीच शिकवलंय." बायका ओढणीत तोंड खुपसून हसत. पण काम होई, आणि चोख होई.

चढावरचा शेवटचा तुकडा राहिला आणि निरोप आला, ट्रक उद्या येतोय. इकडे वारा उठला की वाळू रस्त्यावर चढते. तिला अडवायला कडेनं खिंपाची झुडपं ओळीनं पुरावी लागतात. हरकूची तारांबळ उडालेली. जाता जाता ती म्हणाली, "चढावरचं खिंप आजच पुरायला हवं," आणि पुढे निघून गेली. मोरिया तेव्हा पाणी आणायला गेलेला, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी ट्रक आला तेव्हा चढावरचा तुकडा वाळूखाली गेलेला होता. खिंपाच्या मोळ्या कडेला तशाच बांधलेल्या.

"का नाही पुरलं, काका?" टोळीतल्या केकूनं रूगारामला विचारलं.

"मला कुणी सांगितलं?" म्हातारा म्हणाला. "उंट नव्हता तिथं. ती मला बोलली असं धरलं असतं, तर गावात अब्रू तिचीच गेली असती."

आणि त्याला ते मनापासून वाटत होतं, हीच तर पंचाईत. तोवर ट्रकवाल्यानं गाडी चढाला घातली. मध्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुनीम म्हणाला, "झालं. मी सांगितलंच होतं."

हरकूनं उंट शोधला. तो पार खाली, पाण्याच्या टाक्यापाशी. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याला उद्देशून शब्द उच्चारला नव्हता. तिनं घुंगट होता तसा ठेवला, म्हाताऱ्याकडे तोंड केलं आणि ओरडली, "बासा, मोळ्या सोडा. मागच्या चाकाखाली खिंप घाला. केकू, तू पलीकडून."

टोळी थिजली. रूगारामनं बिडी फेकली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाकाखालची वाळू उपसायला लागला. ते बघून सगळी टोळी तुटून पडली. मोळ्या सुटल्या, चाकांखाली खिंपाचा थर बसला.

"आता घे," हरकूनं ड्रायव्हरला हात केला.

ट्रक गुरगुरला, हलला, चढला आणि तारेची वेटोळी खडखडवत टेकाडापलीकडे उतरला. बायकांनी तिथंच फेर धरला. हरकूला हसावं की रडावं कळेना, इतका आनंद झाला होता.

मुनीमाला मात्र राहवलं नाही. "काय काका, सुनेनं हुकूम सोडला तुम्हाला. आता गावात काय सांगाल?"

रूगारामनं धोतरावरची वाळू झटकली. एवढ्यात मोरिया पखाली घेऊन वर आला. म्हाताऱ्यानं त्याच्या मानेवर थाप मारली. "मोरिया, आजपासून तुला सुट्टी. मुकादम माझ्याशी सरळ बोलते. हे मुनीमजींनाही सांग, आणि गावालाही."

हरकूनं घुंगट सावरला. "बासा, उद्या पलीकडचा उतार पक्का करून घ्यायचाय. आधी खिंप, मग मुरूम."

"घेतो, मुकादम," म्हातारा म्हणाला.