सामानापाशी कोण थांबणार

आई गेल्यावर अण्णा सिंगापूरला आले ते दादाकडे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आयटी मॅनेजर. अण्णांना तिथे राहण्यासाठी लागणाऱ्या पासचे कागद त्याने केले आणि अण्णा त्याच्या कोंडोत राहू लागले. माझा फ्लॅट त्याच्यापेक्षा मोठा आहे. जहाजांचे जुने पंप आणि व्हॉल्व्ह घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा माझा धंदा आहे, हार्बरफ्रंटला छोटं ऑफिस आहे आणि ते सगळं मी एकट्याने उभं केलं. तरी अण्णा माझ्याकडे येतात ते फक्त रविवारी, जेवायला.

अशाच एका रविवारी माझी मुलगी टीव्हीचे चॅनेल बदलत होती. मध्येच एक हिमनदी दिसली आणि अण्णांनी तिला थांबवलं. ते सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. हिमनदी आयुष्यभर शिकवली, पाहिली कधीच नाही, असं म्हणाले आणि पुन्हा ताटाकडे वळले. त्यांनी काही मागितलं नव्हतं. पण दादाच्या आधी हे मी ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात मी चायनाटाऊनमधल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. दुकान चालवणारी बाई साठीची, माझ्याच जातकुळीची. मी दोनदा उठून एमआरटी स्टेशनच्या जिन्यापर्यंत गेलो, दोनदा तिने फोन करून परत बोलावलं. शेवटी अलास्काच्या जहाजसफरीत हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायची सोयसुद्धा तिला त्याच पैशांत घालावीच लागली. "बॉस, यू व्हेरी हार्ड पर्सन," असं ती म्हणाली. मी ते कौतुक समजलो.

पुढचं कळायला माझी तक्रार माहीत असायला हवी. लहानपणी सुट्टी लागली की अण्णा आम्हाला एसटीने कुठेतरी न्यायचे. बदामी, विजापूर, अजिंठा. सोबत होल्डॉल, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या. एवढं सामान घेऊन कुठे चढता येत नाही, म्हणून सामानापाशी कुणीतरी थांबायचं, आणि तो दर वेळी मीच असायचो. दादा मवाळ होता, त्याच्या हातातून कुणीही पिशवी नेली असती. मी खमक्या. हमाल जवळ आला तरी अंगावर जायचो. धाकट्याला बसवलं की आपण निर्धास्त, असं अण्णा लोकांना कौतुकाने सांगत. विजापूरला गोलघुमटाच्या वरच्या सज्जात दादाने माझ्या नावाने हाक मारली आणि ती सात वेळा घुमली म्हणे. मी बाहेर होल्डॉलवर बसलो होतो. घरी आल्यावर आठवडाभर अण्णा, आई आणि दादा आठवणी काढत आणि मी ऐकत असे. घासाघीस करायला मी तिथेच शिकलो, शेंगावाल्यांशी. त्याबद्दल कुणाचे आभार मानावेत असं मला अजून वाटलेलं नाही.

व्हँकुव्हरहून जहाज सुटलं तेव्हा आम्ही पाच जण होतो. अण्णा, दादा, वहिनी, मी आणि माझी मुलगी. माझ्या बायकोला रजा मिळाली नव्हती. पहिले दोन दिवस पाऊस आणि धुकं. मग एका सकाळी बर्फाच्या तुकड्यांवर सील दिसले, पोती टाकल्यासारखे आडवे, जहाज जवळून गेलं तरी मान न उचलणारे. एकदा देवमाशाची शेपटी वर आली आणि सगळी माणसं एका बाजूला धावली. बंदरात उतरलो तर दिव्यांच्या खांबांवर पांढऱ्या डोक्याचे गरुड कावळ्यांसारखे बसलेले. गावाबाहेरच्या ओढ्यात एक अस्वल मासे धरत होतं. धरलेल्या माशाचा थोडा भाग खाऊन उरलेला टाकून देत होतं. वहिनींना ते पाहवलं नाही, एवढं अन्न वाया घालवतंय म्हणून. अण्णांना जे जे दिसे ते ते दादाला सांगत. मी शेजारीच उभा असायचो.

चौथ्या दिवशी हेलिकॉप्टरच्या ऑफिसात गेलो. तिथे प्रत्येकाचं बुटांसकट वजन केलं. बॅगा वर न्यायच्या नव्हत्या, त्या आम्ही एका बाकावर रचल्या. मग काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की हवा बिघडते आहे, पायलटला जास्त इंधन घ्यावं लागेल, त्यामुळे पाचातले चारच आता जातील. पाचव्याने पुढच्या फेरीची वाट पाहावी. समोरचा डोंगर तेव्हाच अर्धा ढगात गेला होता. पुढची फेरी होणार नाही हे मला कळत होतं.

अण्णा बुटांवर चढवलेल्या जाड आवरणाचे पट्टे आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "धाकटा थांबेल. सामान आहेच."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वहिनींनी स्वतःची पर्सही माझ्या हातात दिली.

मी आधी काउंटरवर गेलो. कॅमेरे ठेवतो, जॅकेट काढतो, इंधन थोडं कमी घ्या, असं सगळं बोलून पाहिलं. ती मुलगी हसून प्रत्येक वेळी तेच उत्तर देत राहिली. ठरवणारा पायलट होता आणि तो बाहेर यंत्रापाशी होता. बाजारात समोरच्याला काहीतरी हवं असतं. तिला माझ्याकडून काहीच नको होतं.

मी परत आलो. "अण्णा, मी थांबणार नाही."

"अरे, पुढच्या फेरीने ये की."

"पुढची फेरी होणार नाही. ढग बघा. शाळेत हेच शिकवायचात ना?"

माझा आवाज चढला होता. रांगेतली माणसं बघू लागली. माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, रिलॅक्स ला. एव्हरीबडी लुकिंग." मी पर्स बाकावर आपटली. दर वेळी मीच का, असं विचारलं. बदामीपासून सगळी गावं मोजून दाखवली. अण्णांना ती गावं आठवत होती, मी बाहेर बसलो होतो हे आठवत नव्हतं.

दादा म्हणाला, "मी थांबतो. जा तू."

पहिल्याच बोलीला समोरचा हो म्हणाला की मला आपण फार कमी मागितलं असं वाटतं. उपकार नकोत, असं मी म्हणणार होतो, पण वहिनी मध्ये पडल्या. "भाऊजी, आता चला. उरलेलं भांडण वर करा, तिथे जागा भरपूर असेल."

वर हेलिकॉप्टर थांबल्यावर शांतता होती, आणि बर्फ पांढरा नव्हता. राखाडी, खरबरीत, मध्ये मध्ये निळा. गाइडने अण्णांचा एक हात धरला. ते चार पावलं चालून थांबले आणि शिकवायला लागले. बर्फावरून दगडांचा काळा पट्टा गेला होता, तो हिमोढ. दोन हिमनद्या मिळाल्या की कडेचे दगड असे मध्ये येतात. त्यांच्या बोलण्यात शाळेतला सूर आला होता. मग ते थांबले आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"थोरल्याला दाखवायला हवं होतं," ते म्हणाले. "त्याला भूगोल आवडायचा."

"मलाही आवडायचा."

"तुला?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

पुढे बर्फात एक भोक होतं, वरून वाहणारं पाणी त्यात गरगरत खाली जात होतं. अण्णांना आत बघायचं होतं. गाइडने एका बाजूने धरलं, मी पाठीमागून जॅकेट मुठीत पकडलं. ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. आत काय दिसतंय ते मला त्या वेळी दिसत नव्हतं. माझी सगळी नजर त्यांच्या बुटांवर होती.

खाली आलो तेव्हा पुढची फेरी रद्द झाली होती. ऑफिसात दादा नव्हता. बाकावर आमच्या बॅगा तशाच पडलेल्या. तो समोरच्या दुकानात खिडकीपाशी कॉफी पीत बसला होता. मी तिथे जाऊन त्याच्यावर ओरडलो. सामान असं उघड्यावर टाकून कुणी जातं का?

"कोण नेणार आहे?" दादा म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

जहाजावर जेवताना अण्णांनी दादाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. दादाने मध्ये एकदाही आपल्याला जायला मिळालं नाही, असं म्हटलं नाही. मला त्याचाही राग आला. अण्णांनी खिशातलं पेन काढून कागदी नॅपकिनवर हिमनदी काढली, दोन्ही काठ काढले आणि मधून दगडांचा एक पट्टा.

"दोन होते," मी म्हणालो.

"एकच."

"दुसरा तुमच्या पाठीमागे होता, अण्णा. डोंगराच्या बाजूला."

अण्णांनी नॅपकिनकडे बघितलं. मग दादाला म्हणाले, "असेल. हा होता तिथे." आणि पेन माझ्यापुढे धरलं. "काढ."

मी दुसरा पट्टा काढला. दादा नॅपकिनवर वाकून बघत होता. पट्टा कुठून सुरू होतो, असं त्याने विचारलं ते मला, आणि मी त्याला ते सांगू लागलो. अण्णांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझी रेघ जरा जाड केली.