अंगठा काढू नका, अण्णा

मिऱ्या गावात आमच्या शेजारी रघूअण्णा राहतात. सगळा जन्म त्यांनी मच्छीमार बोटीवर तांडेल म्हणून काढला. बोट कुठे न्यायची, जाळं कधी सोडायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर चाले. आता गुडघ्यांनी त्यांना ओटीवर आणून बसवलंय, पण हुकूम सोडायची सवय काही जात नाही. खलाशी उरले नाहीत, म्हणून शेजारी. भरतीची वेळ त्यांना विचारा, अगदी बरोबर सांगतील. तुमच्या मिक्सरला काय झालंय हे मात्र विचारू नका, कारण तेही सांगतील.

बिघडलेलं यंत्र तपासायची त्यांची रीत एकच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानाला. बोटीच्या इंजिनाचं दुखणं असंच कळतं म्हणे. आमचा फ्रीज असा ऐकून त्यांनी "इंजेक्टर गेलाय" असं निदान केलं होतं. फ्रीजला इंजेक्टर नसतो म्हटल्यावर म्हणाले, "मग बाय, चालंल कसा?"

या माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती, जी सांगताना ते बोटीलाही विसरत. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्यांनी खांद्यावर नाचवली, तीही दोन्ही हात सोडून. आमच्याकडे पालखी खांद्यावर घेऊन ढोलाच्या तालावर नाचवतात. दांडा हातांनी धरून नाचवणारे पुष्कळ. हात सोडून, मान आणि खांद्याच्या जोरावर ती तोलणारा क्वचित. गोष्ट दरवर्षी थोडी वाढत गेली, हे खरं आहे. सुरुवातीला त्यात वारा नव्हता. नंतर वारा आला, मग वादळही आलं.

आणि दरवर्षी अण्णा हात सोडायच्या जागेवर पोचले की आतून त्यांच्या बायकोचा, कमळाकाकींचा आवाज येई. काकी बाजारात मासे विकतात, त्यामुळे आवाज चांगला पोचतो. "मी चुलीजवळ होते. पुरणपोळ्या करीत. मला काय एक दिसला नाय."

गाव हसलं तर अण्णा उलट दुप्पट हसत. पण बायकोच्या या वाक्यावर ते गोष्ट अर्धी टाकून पान लावायला घ्यायचे. जिनं बघायला हवं होतं तिनंच बघितलं नाही, हे त्यांना लागलं होतं. हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं.

यंदा शिमग्याच्या बैठकीत मंडळाच्या ओमकारनं त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "अण्णा, तुम्ही खुर्चीत बसा. हात सोडल्याची गोष्ट पण खुर्चीतनंच सांगा." बैठक खो खो हसली. अण्णा तडक घरी गेले, पेटी उपसली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक डिस्क घेऊन माझ्या दारात उभे राहिले. त्या वर्षी काकींचा भाचा रितेश मुंबईहून कॅमेरा घेऊन आला होता. त्यानं शूटिंग करून पाठवलेली ही डिस्क. घरात ती लावायला काहीच नव्हतं, म्हणून कुणी कधी बघितली नव्हती. वाडीत डिस्कचा कप्पा असलेला लॅपटॉप आता फक्त माझ्याकडे. इतका जुना, की मी शिकवते त्या शाळेतली मुलं त्याला माझा वर्गमित्र म्हणतात.

"शहरात दुकानात देऊ या, पेनड्राइव्हवर काढून देतील," मी म्हटलं.

"आणि हरवलान तर? ही माझ्या नजरेआड जायची नाय."

तर बसलो. बटण दाबलं, कप्पा बाहेर येईना. बाजूच्या बारीक भोकात टाचणी घालून तो उघडतात, पण टाचणी सापडेना. अण्णांनी खिशातून मासे पकडायचा गळ काढला, सरळ केला आणि खुपसला. कप्पा आला. डिस्क ठेवली, आत ढकलली. पडद्यावर सी दिसतोय, डी दिसतोय, डिस्कच्या ड्राइव्हचा पत्ता नाही. बंद करून चालू केला. सेटिंगमध्ये शिरून सगळी यादी पाहिली. लॅपटॉपचं म्हणणं एकच, असा कुणी इसम आमच्याकडे राहत नाही.

मग अर्थातच स्क्रूड्रायव्हर कानाला लागला. "फिरत नाय. डिझेल पोचत नाय. एअर धरलान." आणि ही अडकलेली हवा काढण्यासाठी ते फुंकर मारायला वाकले. तोंडात पान होतं. मी लॅपटॉप उचलून छातीशी धरला.

एवढ्यात काकी आल्या. "अवो, उठा. मेला तो डबा. आणि डिस्क पण खराब झाली असंल एव्हाना. काय बघायचाय त्यात?" त्या इतक्या घाईनं म्हणाल्या, की मला जरा नवल वाटलं. एरवी काकी गॅसची जुनी नळीसुद्धा टाकू देत नाहीत.

मी चिडले होते. चिडून लॅपटॉप पालथा घातला, तर ड्राइव्ह धरून ठेवणारा स्क्रूच जागेवर नव्हता. ड्राइव्ह नखभर बाहेर सरकलेला. ओढला तर कप्प्यासारखा अख्खा हातात आला. आतल्या जोडाच्या तोंडाशी, अगदी आरामात, उकड्या तांदळाचा एक लालसर दाणा बसला होता.

अण्णा त्या दाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोकडे बघितलं.

पावसाळ्यात यंत्राला दमट हवा लागू नये म्हणून लॅपटॉप तांदळाच्या पिंपात ठेव, हा सल्ला काकींचा. मी तो चार महिने इमानेइतबारे पाळला होता.

"मला काय ठाव, तुमचा यंत्र भात खातो?" काकी म्हणाल्या.

दाणा काढला, ड्राइव्ह आत ढकलला. खट्! चालू केल्यावर पडद्यावर ड्राइव्ह हजर. आत डिस्क घरघरली आणि अण्णा ओरडले, "लागला! इंजिन लागला!" पण स्क्रू नव्हता. हात काढला की ड्राइव्ह पुन्हा सरके. शेवटी अण्णांनी बाजूला बसून तो अंगठ्यानं दाबून धरला आणि मान वाकडी करून पडदा बघू लागले. मी बजावलं, "अंगठा काढू नका, अण्णा."

काकी जायला निघाल्या होत्या. दारात थांबल्या.

ढोल सुरू झाले. गुलाल, गर्दी, पालखीचं छत. दाट काळ्या केसांचे अण्णा खांदा द्यायला पुढे झाले. पालखी उचलली गेली, हलू लागली. अण्णा पडद्याकडे आणखी झुकले. आणि नेमका तिथेच रितेशनं कॅमेरा फिरवला.

"अरे मेल्या! हकडं नको!" अण्णा त्या जुन्या रितेशवर ओरडले.

पडद्यावर अंगणाच्या दगडी गडग्याच्या कडेला चवड्यांवर उभी असलेली एक बाई दिसत होती. हातात उलथणं, गालाला पीठ. तिची नजर पालखीवरून हलत नव्हती. मागून लोकांचा गलका आला, "हात सोडले! हात सोडलेनी रे!" बाईनं पदर तोंडात धरला. डोळे भीतीनं मोठे झाले. मग पदर सुटला आणि ती अशी हसली, की एवढ्या वर्षांच्या शेजारात काकींना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अण्णांचा अंगठा सुटला. ड्राइव्ह सरकला आणि चित्र त्या हसण्यावरच थांबलं.

ओमकारला दाखवायला त्यात हात सोडलेले अण्णा कुठेच नव्हते. अण्णांना त्याचं भानही नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते, मग दाराकडे.

"कमळे," ते म्हणाले, "आणि पोळ्या गो?"

काकींनी चौकटीवरचा नसलेला डाग पदरानं पुसला.

"करपल्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या करपल्या."