मासळी बाजारात शिकलेलं मेण-कुंकू

मैत्रिणींनो, आज मुलुंडच्या मासळी बाजारात मी कुंकू लावायला शिकले.

संध्याकाळी चुलतभावाचा साखरपुडा होता. नऊवारीवर टिकली नको, म्हणून मी ऑनलाइन मेण-कुंकवाचा सेट मागवला होता. लाकडी डबी, वर सोनेरी अक्षरांत 'व्हिंटेज'. तालीम म्हणून सकाळीच लावलं आणि कोलंबी आणायला गेले. बाजारात पोचेपर्यंत मेण वितळून कुंकू नाकावर उतरलं. वाटच लागली.

आमची नेहमीची कोळीण, सुमन मावशी, बघून हसायलाच लागली. तिच्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू मात्र पहाटेपासून जसंच्या तसं.

"किती मेण थापलंस गं? पोळीला तूप लावतात तसं?"

डबी पर्समध्येच होती. "माझे हात मासळीचे, तूच लाव. मी सांगते," ती म्हणाली. मी मोबाइलचा कॅमेरा आरशासारखा धरला. आधी घाम पुसायचा, मेण इतकुसंच घेऊन गोल चोळायचं, वर कुंकू दाबायचं, जास्तीचं झटकायचं. मागे गिऱ्हाईकं खोळंबली, तिने ढुंकूनही बघितलं नाही.

आत्ताच साखरपुड्याहून आले. नाचून घामाघूम झाले, पण कुंकू जागेवर आहे. भारी वाटतंय.

तुमच्यापैकी अजून कोण कोण मेण-कुंकू लावतं? नक्की सांगा. कारण सकाळी मावशीने विचारलं होतं, डबीवर काय लिहिलंय. मी म्हटलं, "व्हिंटेज. म्हणजे जुन्या जमान्यातलं."

ती कोलंबी सोलता सोलता म्हणाली, "मग मी काय मेले की काय?"