वरच्या वस्तीची दुभाषी

लहानपणी तिच्या तोंडाची टकळी कधी थांबायची नाही, म्हणून मावशीनं तिचं नावच टकळी ठेवलं. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली होती. मावशीनं आणि काकांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. त्यांची वस्ती नदीच्या वरच्या अंगाला होती. तिथवर रस्ता नव्हता, होडीनंच जावं लागे. तिथल्या आदिवासींची भाषा खालच्या शहरात कुणाला येत नव्हती. टकळीला दोन्ही भाषा येत, कारण मावशीनं हट्टानं तिला खालच्या शाळेत घातलं होतं. "एवढं बोलतेस, तर निम्मं त्यांच्याशी बोल. आमच्या कानांना तेवढीच विश्रांती."

पुढे टकळी शहरातल्या इस्पितळात दुभाषी म्हणून लागली. वस्तीतून कुणी पाय मोडून आलं, कुणी अडलेली बाळंतीण आली, की तिला हाक यायची आणि ती हातातला चहा तसाच टाकून धावायची.

मग तो ताप आला. जगभर थैमान घालून झाल्यावर तो वर पोचला. लाकूडतोडीची माणसं खोकत खोकत वस्तीवरून गेली आणि त्यांच्यामागे घराघरांत माणसं आडवी झाली. आजारी माणसांनी भरलेल्या होड्या खाली येऊ लागल्या.

वॉर्डात भलताच गोंधळ. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, चेहरा नसलेली माणसं आपल्याला गुदमरवून मारताहेत, अशी त्या लोकांची खात्रीच झाली होती. ऑक्सिजनचे मास्क ते ओरबाडून काढत. टकळी एकेका खाटेपाशी बसे. त्यांच्या भाषेत ऑक्सिजनला शब्द नव्हता. ती म्हणे, "वारा आहे हा. आपल्या डोंगरावरचाच समज. घे आत." काहीजण ऐकत, वाचत. म्हातारी माणसं मात्र ऐकूनही जात होती, आणि कोण कुणाचं नातलग, कुठली पाऊलवाट कुठे निघते, हे सगळं आपल्याबरोबर घेऊन जात होती.

एका सकाळी मावशीच आली. काकांना ताप नव्हता, म्हणून त्यांना धक्क्यावरूनच माघारी पाठवलं होतं. तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली टकळी तिच्याशी बोलायला वाकली आणि मावशीनं आवाजावरून लगेच ओळखलं.

"सगळी बांधून ठेवली पोर, पण तोंड काही बांधता आलं नाही यांना," ती धापा टाकत म्हणाली. टकळी हसली. चष्म्याच्या आत पाणी साचलं, आणि ते पुसायची सोय नव्हती.

मावशीचा श्वास दिवसेंदिवस आखूड होत गेला. डॉक्टर तपासून वळले, तेव्हा तिनं टकळीची बाही धरली.

"मला घरी ने. इथं नाही मरायचं मला. सांग त्याला."

टकळीनं सांगितलं. जागरणानं डोळे सुजलेल्या त्या तरुण डॉक्टरनं मान हलवली. "यांना हलवता येणार नाही. वाटेतच जातील. आणि वर जी घरं अजून धडधाकट आहेत, तिथंही ताप पोचेल."

टकळीनं शब्दन् शब्द मावशीला सांगितला. मावशी तिच्याकडे बघत राहिली.

"हे तो म्हणतोय, की तू?"

दुभाष्याला एक आसरा असतो. कडू बोल आपला नसतो, आपण नुसता निरोप पोचवतो. 'तो म्हणतोय' हे शब्द टकळीच्या अगदी ओठांवर आले होते. पण वर काका होते, मावशीची नातवंडं त्यांच्याजवळ होती.

"मीपण म्हणते, मावशी."

मावशीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढे ती तिच्याशी एक शब्द बोलली नाही. टकळी हात धरून बसली. मावशीनं तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. शहराबाहेरच्या नव्या दफनभूमीत इतरांच्या रांगेत तिला मातीआड केलं. टकळीला फाटकापाशीच थांबवलं होतं.

साथ ओसरली, लस आली, आणि टकळी नर्सबरोबर वर गेली. ओळीनं दारं बंद. काका अंगणात जाळं सोडवत बसले होते. पोरं धडधाकट होती, एकमेकांच्या मागे पळत होती.

"घरी यायचं म्हणाली असेल," काका मान वर न करता म्हणाले.

"म्हणाली."

"मग?"

"मी नाही म्हटलं, काका. डॉक्टरांबरोबर मीसुद्धा नाही म्हटलं."

काकांचे हात थांबले. "तिला परक्या जागी झोप लागायची नाही," एवढंच म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

नर्सनं लशीचा डबा उघडून ठेवला. टकळीनं घसा बसेपर्यंत समजावलं, पण कुणी पुढे येईना. लोक लांब उभं राहून काकांच्या बंद दाराकडे बघत होते. ऊन कलल्यावर दार उघडलं. काका येऊन स्टुलावर बसले आणि त्यांनी बाही वर सारली. टकळीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"दुखतं?" काकांनी विचारलं.

"थोडं."

"टोच म्हणावं तिला."

टकळीनं नर्सला सांगितलं.