काहूनचा कानून

बाई मोबाईल कधी कानाला लावत नसत. तोंडासमोर आडवा धरायच्या, भाकरीचा तुकडा तोंडात टाकण्याआधी धरावा तसा, आणि त्याला दम दिल्यासारखं बोलायच्या. बोलून झालं की स्क्रीनकडे न बघताच आमच्याकडे वळून म्हणायच्या, "हे तं लय सोपं हाये." या वाक्यानंतर काहीतरी बिघडतं, हे अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या वाचनालयात पेपर चाळायला येणाऱ्यांनाही ठाऊक झालं होतं.

बाई आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. माहेर दर्यापूरकडचं, घरी कपाशीची शेती, आणि आवाज बांधावर कमावलेला. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्याच डोक्यावर टांगलेली होती आणि तिचा भंग फक्त त्याच करत. स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असं बोलायच्या, आमच्याकडच्या पुष्कळ बायका बोलतात तसं. मी या वाचनालयाचा सचिव. निवडीच्या सभेला मी उशिरा पोचलो आणि वेळेवर आलेल्यांनी तोवर आपापली सुटका करून घेतली होती, एवढीच माझी पात्रता. वाचनालयासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे बाईंचा प्रत्येक प्रयोग मला गल्ल्यावर बसून दिसायचा आणि तो निस्तरायला रस्ता ओलांडून मलाच जावं लागायचं.

त्यांची मुलगी अमरावतीला असते. तिने आईला मोठ्या स्क्रीनचा मोबाईल घेऊन दिला आणि एक-दोन ॲप टाकून दिली. तिथून पुढचं बाईंनी स्वतःच्या हिमतीवर केलं. तुमच्याही माहितीत अशी माणसं असतील. आयुष्यभर सगळं डोक्यात ठेवतात, आणि एकदा का मोबाईल हातात आला की डोकं रिकामं करून त्यात ओतायला लागतात.

पहिलं आलं पाणी प्यायची आठवण करून देणारं ॲप. ते ठरलेल्या वेळी ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज काढायचं. आमच्या माजी अध्यक्षांच्या शोकसभेत सगळे माना खाली घालून उभे असताना त्याने तो काढला. कोणी हललं नाही. पण शांतता संपल्यावर अर्धी सभा माठाकडे गेली, आणि बाई मला म्हणाल्या की बघा, ॲपचा उपयोग आहे.

मग कामांच्या यादीचं ॲप आलं. घरचं आणि वाचनालयाचं काम बाई एकाच यादीत बोलून ठेवायच्या, कारण त्यांच्या मते काम ते काम. एका सकाळी बोट कुठेतरी पडलं आणि ती यादी कार्यकारिणीच्या ग्रुपवर आली. तूरडाळ, फिनाईल, सडके कांदे फेकणे, अध्यक्ष, वरणाचं भांडं कल्हईला. आमचे नवे अध्यक्ष पुण्याला मुलाकडे राहून आल्यापासून शुद्ध बोलतात. त्यांनी बैठकीत विचारलं की या यादीत आपला समावेश नेमका कोणत्या कामासाठी आहे. बाईंनी सांगितलं की फोन करायचा होता. अध्यक्षांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

पुस्तकाच्या मागचा बारकोड वाचणारं ॲपही आलं. आमची निम्मी पुस्तकं बारकोड जन्माला येण्याआधीची. एका कादंबरीत कोण्या वाचकाने खूण म्हणून बिस्किटाच्या पुड्याचा कागद ठेवला होता. बाईंनी श्रद्धेने तोच स्कॅन केला. ती कादंबरी पुष्कळ दिवस आमच्या नोंदीत मलई बिस्कीट या नावाने राहिली आणि त्या काळात तिला मागणीही वाढली.

आता हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण त्या उन्हाळ्यात अध्यक्षांनी एक विषय काढला आणि बाईंच्या तोंडचं हसू गेलं.

आमच्याकडे सध्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांचं पीक जोरात आहे. अध्यक्षांचं म्हणणं, आपल्याही हॉलमध्ये खुर्च्या, टेबलं, पंखे लावून अभ्यासिका करावी. पुस्तकं बांधून गावाबाहेर एका सभासदाच्या गोदामात ठेवावीत. तसंही कपाटं अर्धी रिकामी आहेत, म्हणजे अर्धी पुस्तकं बुडालेलीच आहेत. रविवारच्या वार्षिक सभेत हे मंजूर करून घेऊ.

बाई ते गोदाम पाहून आल्या. तिथे पूर्वी सरकी ठेवायचे. भिंतीला वाळवी होती आणि उंदीर तर माणसाला बघून बाजूलाही होत नव्हते. परत येऊन त्या माझ्या दुकानात स्टुलावर बसल्या. डबा मांडीवर होता, पण उघडला नाही.

"सचिव सायेब, तिथं बुकं राहनार नाई," त्या म्हणाल्या. "तिथं त्यायची माती होईन."

मग हळूहळू त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. रिकामं कपाट म्हणजे बुडालेलं पुस्तक नव्हे. पुस्तक कोणाच्या तरी घरी आहे, म्हणजे कोणीतरी वाचतंय. भरलेलं कपाट काय, कपड्याच्या दुकानातही असतं. हे अध्यक्षांना दाखवायचं तर ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत ती माणसं सभेला आली पाहिजेत. आमच्या सभेला कोरमपुरते लोकही येत नाहीत. अर्धा तास थांबून आम्ही तीच सभा त्याच जागी पुन्हा भरवतो, आणि त्या अर्ध्या तासात चहा होतो. पण बाईंकडे आता वाचनालयाचं नवं ॲप होतं. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे आणि मुदत कधी संपली, हे त्यात त्यांनी दुपार-दुपार बसून भरलं होतं. मुदत संपलेल्या सगळ्यांना एकाच वेळी निरोप धाडायची सोयही होती.

बाईंनी मोबाईल आडवा धरला आणि बोलल्या, "पुस्तक वापस नाई केलं, काहून? रविवारी सभेले हाजर राहा." बोट दाबलं. हे तं लय सोपं हाये, हेही म्हणून झालं.

मोबाईलला वऱ्हाडी येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्याला शाळेतलं मराठी येतं आणि सिनेमातलं हिंदी. 'काहून' म्हणजे 'का', हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? त्याने आपल्या अकलेप्रमाणे शब्द दुरुस्त केला. जठारपेठेतल्या घराघरांत निरोप गेला तो असा: पुस्तक वापस नाही केलं कानून रविवारी सभेला हजर राहा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच वाचनालयाच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि चेहऱ्यावर तहसीलला आल्याचा भाव. एक जण वकील भाच्याला सोबत घेऊन आला होता. एकाने अमरावतीच्या कोणत्या तरी वाचनालयाचं पुस्तकही आमच्याकडेच जमा केलं, कारण कायदा सगळीकडे सारखाच. एका माउलीने मुलाची भूगोलाची पाठ्यपुस्तकंही आणून ठेवली. बाई प्रत्येकाला सांगत होत्या की असं काही नाही, तुम्ही घेऊन जा. त्या जितकं सांगत तितकी माणसं घाबरून मागे सरत होती. पुस्तकं टेबलावर टाकून ती निघून जायची.

शनिवारपर्यंत कपाटं गच्च भरली. त्यांची दारं लागेनात. अध्यक्ष येऊन बघून गेले आणि खूश होऊन म्हणाले की पाहा, एकही पुस्तक बाहेर नाही, म्हणजे कोणीही वाचत नाही. मला त्यांचा राग आला, कारण बाईंचंच माप त्यांनी बाईंच्या पदरात टाकलं होतं आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. भरलेल्या कपाटांपुढे उभ्या राहून बाई पदराने मोबाईल पुसत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी चहा मागवला.

रविवारी मात्र हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. निरोपात 'हजर राहा' असं होतं ना. वकील भाचासुद्धा आला. अध्यक्षांनी आयुष्यात इतकी मोठी सभा पाहिली नव्हती, आणि ती आपल्यासाठी जमली आहे असं समजून ते पाणी पिऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना खाली बसवलं.

"कानून-गिनून काई नाई," त्या म्हणाल्या. "मोबाईलनं घोटाळा केला. मी 'काहून' म्हनलं होतं. आता आलेच हा तं सांगा. बुक एवढे दिवस घरी ठेवलं, काहून?"

आधी बाजारातली एक भाजीवाली उठली. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचते, म्हणाली. हात ओले असतात, पुसून पान उलटेपर्यंत कोणीतरी मेथी मागतं, म्हणून दिवसाला दोन पानं होतात. एकाने सांगितलं की पलंगाचा पाय मोडला होता आणि जाड पुस्तक दुसरं नव्हतं. सगळे हसले. बाई म्हणाल्या की चालते, कामात तं हाये. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने कबूल केलं की तो गाईडच्या आत धरून कादंबरी वाचतो, आणि हे घरी सांगू नका.

मग मागून एक माणूस बोलला. बँकेत शिपाई आहे, कधी कोणाशी बोलत नाही. "पुस्तक माह्या बाबानं नेलं होतं. थे गेले. जिथपर्यंत त्यायचं वाचून झालं होतं, तिथून पुढं मी वाचून राहिलो. संपवा वाटत नाई."

वकील भाच्याने चष्मा काढून पुसला.

मग बाई उठल्या. मला वाटलं, आता अध्यक्षांची धडगत नाही. पण त्या म्हणाल्या की अभ्यासिका करा. पोरंही गाडीच्या सीटवर बसून, झाडाखाली बसून अभ्यास करतात, त्यांनाही जागा पाहिजे. हॉल त्यांना द्या. फक्त पुस्तकं गोदामात जाणार नाहीत. ज्याने जे आणलं ते त्याने आत्ता घरी न्यायचं, आणि उरलेलीही न्यायची.

अध्यक्ष म्हणाले की हे नियमात बसत नाही. मी विचारलं, कोणत्या नियमात. वाचनालयाची घटना त्यांनीही वाचली नव्हती आणि मीही. तेवढ्यात हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला.

टेबल मांडून बाई बसल्या. रांग रस्त्यापर्यंत गेली. पहिली भाजीवाली. बाईंनी ॲपमध्ये पुस्तकाचं नाव टाकलं, तिचं नाव टाकलं, आणि मोबाईल अडला. परतीची तारीख टाकल्याशिवाय तो पुढे जाईना. बाईंनी त्याला बोलून सांगितलं, "वाचून झालं की." त्याला ते पटलं नाही. मग त्यांनी कॅलेंडर उघडलं आणि अंगठ्याने वर सरकवत नेलं. महिने गेले, वर्षं गेली. मी आणि अध्यक्ष दोघेही नक्की नसू अशा एका साली त्यांचा अंगठा थांबला. तीच तारीख त्यांनी सगळ्यांना दिली. अध्यक्षांनी विचारलं की तेव्हा परत कोण आणून देणार. बाई म्हणाल्या, "नातू देईन."

संध्याकाळी कपाटं मोकळी झाली. टेबलावर एकच पुस्तक उरलं, संत्र्याच्या बागेची निगा कशी ठेवावी याचं. वरूडला असतो तर त्यासाठी मारामारी झाली असती, पण आम्ही कपाशीवाले. बाई म्हणाल्या, "मी नेतो." त्यांनी स्वतःचं नाव टाकलं. मोबाईल म्हणाला, सदस्य सापडला नाही.

गावाला पुस्तकं देण्यात बाईंची उमर गेली आणि त्या कधी सभासदच झाल्या नव्हत्या. मी तिथल्या तिथे, सचिवाच्या अधिकारात, त्यांना सभासद करून घेतलं. वय त्यांनी थोडं कमी लिहायला लावलं. मग तारखेची वेळ आली तेव्हा मोबाईल माझ्याकडे सरकवून म्हणाल्या की स्वतःची मुदत स्वतः कशी टाकू, तुम्ही टाका. मी सगळ्यांना दिलेली तीच तारीख टाकली. त्यांनी चष्म्यावरून बघितली.

"एवढं मोठं नाई हाये थे बुक," त्या म्हणाल्या.

पुढे बाई अमरावतीला मुलीकडे राहायला गेल्या आणि वाचनालयाचं ॲप माझ्या मोबाईलवर आलं. मागच्या थंडीत त्या गेल्याचा फोन आला. मी जाऊन आलो. मुलगी रडून मोकळी झाल्यावर आतल्या खोलीतून ते संत्र्याचं पुस्तक घेऊन आली. वाचनालयाचा शिक्का आहे, तुम्ही सचिव आहात, घेऊन जाता का, असं तिने विचारलं.

मी खिशातून मोबाईल काढला, ॲप उघडलं आणि बाईंचं नाव शोधलं. नावापुढे लिहून आलं, मुदत बाकी आहे. मी ते तिला दाखवलं आणि पुस्तक तिच्याच हातात ठेवून अकोल्याच्या गाडीला निघालो.